माहितीच्या फाइलीचा पत्ता : पायथन आज्ञावलीत तो कसा लिहावा

पत्रावरील पत्ता अपुरा असला म्हणजे पत्र भलत्याच गावी जाते, हा अनुभव नवा नाही. महाराष्ट्रात वडगाव, पिंपळगाव अशा नावांची गावे अनेक जिल्ह्यांत आहेत. केवळ ‘वडगाव’ एवढेच लिहिलेले पत्र कोणत्या वडगावास न्यावयाचे, हे टपालवाल्यास कसे कळावे? अशा अडचणी दूर व्हाव्यात म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सहा अंकी पिनकोड सुरू झाला. ही योजना सिद्ध करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. पिनकोडाचा पहिला अंक मोठा विभाग सांगतो. पुढील अंक क्रमाक्रमाने क्षेत्र लहान करीत शेवटी एका टपाल कचेरीपर्यंत आणून पोचवितात. पत्र कोठूनही टाकलेले असो, त्या अंकांचा अर्थ बदलत नाही, हे या योजनेचे मर्म होय.

संगणकात साठविलेल्या माहितीसही असाच पत्ता असतो, आणि तो अपुरा राहिला तर तेथेही असाच घोटाळा होतो. अनेक प्राथमिक शिक्षक पटसंख्या, हजेरी, पोषण आहार आणि मूल्यमापन यांची कोष्टके संगणकावर ठेवू लागले आहेत, आणि त्यांपैकी काहींनी त्या कोष्टकांवरून बेरजा व अहवाल काढण्यासाठी पायथन या भाषेत लहान लहान आज्ञावली लिहिण्यास आरंभ केला आहे. आज्ञावली लिहिणाऱ्यास बहुधा पहिली अडचण हिशेबाची येत नाही. ती ‘फाइल सापडत नाही’ या उत्तराची येते. ही अडचण का येते आणि ती कायमची कशी दूर करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पायथन ही भाषा नेदरलँड्समधील गीडो व्हान रॉसम यांनी निर्माण केली आणि १९९१ साली ती प्रथम प्रसृत झाली. तिच्या नावाचा अजगराशी संबंध नाही. ते ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमाच्या नावावरून घेतलेले आहे. भाषा विनामूल्य मिळते, तिची रचना सुबोध आहे, आणि तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, आज्ञावलीतील नावे देवनागरीतही लिहिता येतात.

येथे एक सूचना आवश्यक आहे. भाषेचे जे मूळ शब्द संगणकावर रोमन लिपीत लिहावयाचे असतात, ते या लेखात वाचनाच्या सोयीसाठी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष लिहिताना ते रोमन लिपीतच लिहावेत.

१. पत्त्याची रचना

संगणकातील फोल्डरांची मांडणी शासनव्यवस्थेसारखी उतरत्या क्रमाची असते. जिल्ह्यात तालुके, तालुक्यात केंद्रे, केंद्रात शाळा. त्याचप्रमाणे एका मोठ्या फोल्डरात लहान फोल्डर आणि त्यात फाइली. फाइलीचा पत्ता म्हणजे वरून खाली येताना लागणाऱ्या फोल्डरांची नावे क्रमाने लिहून शेवटी लिहिलेले फाइलीचे नाव. दोन नावांमध्ये एक तिरकी रेघ असते.

विवेचनासाठी एक उदाहरण घेऊ. एका शाळेत ‘शाळाकाम’ नावाचे फोल्डर आहे. त्यात ‘मोजणी’ नावाची पायथन आज्ञावली आहे. त्याच फोल्डरात ‘माहिती’ आणि ‘अहवाल’ अशी दोन उपफोल्डरे आहेत. ‘माहिती’ या फोल्डरात ‘पट.सीएसव्ही’ ही फाइल आहे. सीएसव्ही म्हणजे साध्या मजकुराच्या रूपातील कोष्टक. त्यात प्रत्येक ओळीत एका मुलाची नोंद असते आणि नाव, इयत्ता, दाखल दिनांक हे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात. मोजणी ही आज्ञावली पटावरील मुले मोजते आणि दररोज किती धान्य लागेल याचा हिशेब ‘अहवाल’ या फोल्डरात लिहून ठेवते.

२. पूर्ण पत्ता आणि सापेक्ष पत्ता

या पटाच्या फाइलीचा पत्ता दोन रीतींनी सांगता येतो. पहिली रीत पूर्ण पत्त्याची :

डी:/शाळाकाम/माहिती/पट.सीएसव्ही

यात संगणकाचा कोणता विभाग, त्यात कोणते फोल्डर आणि त्यात कोणती फाइल, हे सर्व आले. हा पत्ता त्या संगणकापुरता निःसंदिग्ध आहे. दुसरी रीत सापेक्ष पत्त्याची :

माहिती/पट.सीएसव्ही

हा पत्ता ‘येथून’ मोजलेला आहे. ‘येथे असलेल्या माहिती या फोल्डरातील पट’ असा त्याचा अर्थ. सापेक्ष पत्त्यात एक बिंदू म्हणजे ‘हेच फोल्डर’ आणि लागोपाठ दोन बिंदू म्हणजे ‘याच्या वरचे फोल्डर’ असा संकेत आहे.

दोन्ही रीतींत गुण आहेत आणि दोषही आहेत. पूर्ण पत्ता स्पष्ट असतो. परंतु ज्या संगणकाच्या रचनेवरून तो लिहिला, त्या संगणकाबाहेर तो निरुपयोगी ठरतो. दुसऱ्या संगणकावर ‘डी’ हा विभाग नसेल तर तेथे आज्ञावली चालणार नाही. पेनड्राइव्हवर काम ठेवणाऱ्यांस हा अनुभव नित्याचा आहे, कारण तोच पेनड्राइव्ह एका ठिकाणी ‘ई’ या अक्षराने आणि दुसऱ्या ठिकाणी ‘एफ’ या अक्षराने ओळखला जातो. सापेक्ष पत्ता आटोपशीर असून कोठेही नेता येतो. परंतु त्याचा सर्व भार ‘येथे’ या एका शब्दावर असतो.

३. ‘येथे’ म्हणजे कोठे?

फाइल न सापडण्याच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरात असते. आज्ञावली ज्या फोल्डरात ठेवलेली आहे ते फोल्डर म्हणजे ‘येथे’, असे कोणासही साहजिकच वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. पायथन ‘येथे’ याचा अर्थ ‘चालू फोल्डर’ असा घेते. आणि आज्ञावली ज्या ठिकाणाहून सुरू केली गेली, त्या ठिकाणावरून चालू फोल्डर ठरते. आज्ञावली कोठे राहते याच्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही.

पारावर उभ्या असलेल्या पाहुण्यास ‘सरळ जा आणि डावीकडचे तिसरे घर’ असे सांगितले तर तो बरोबर पोचतो. तेच वाक्य एसटीच्या थांब्यावर उतरलेल्या पाहुण्याने चिठ्ठीवर लिहून आणले असेल, तर तो भलत्याच दारात उभा राहील. चिठ्ठीतील शब्द तेच आहेत. आरंभाची जागा बदलली आहे.

पायथनबरोबर मिळणाऱ्या आयडल या संपादकात आज्ञावली उघडून एफ ५ ही कळ दाबली, की आज्ञावलीचे स्वतःचे फोल्डरच चालू फोल्डर बनते. म्हणून तेथे सापेक्ष पत्ता निर्वेध चालतो. तीच आज्ञावली आज्ञा-खिडकीतून चालविली, तर त्या खिडकीत त्या वेळी जे फोल्डर दिसत असेल तेथून पत्ता मोजला जातो. व्हीएस कोडसारख्या संपादकात सामान्यतः जे मोठे फोल्डर उघडलेले असेल तेथून मोजणी होते. यामुळे असे घडते की, घरी आयडलमध्ये महिनाभर बिनचूक चाललेली आज्ञावली केंद्रशाळेतील संगणकावर पहिल्याच क्षणी बंद पडते. आज्ञावलीतील एकही अक्षर बदललेले नसते, फाइलही जागच्या जागी असते. तरी ‘फाइल सापडत नाही’ हे उत्तर येते. लिहिणारा मग हिशेबात चूक शोधीत बसतो, आणि चूक तेथे नसतेच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावली-लेखनाचा परिचय सुचविलेला आहे. त्या इयत्तांत ही कल्पना समजावून देण्यासाठी संगणकही लागत नाही. ‘दहा पावले सरळ, मग डावीकडे पाच पावले’ अशी एकच चिठ्ठी दोन मुलांस द्यावी. एकास वर्गाच्या दारापासून आणि दुसऱ्यास ध्वजस्तंभापासून चालावयास सांगावे. दोघे कोठे पोचतात ते सर्व वर्गाने पाहावे. त्यानंतर ‘ध्वजस्तंभापासून’ हा शब्द चिठ्ठीत घालून तोच खेळ पुन्हा करावा. सापेक्ष पत्ता म्हणजे काय, आणि आरंभाची जागा पक्की करणे म्हणजे काय, हे मुलांस या खेळातून सहज उमगते.

४. तिरक्या रेघेचे दोन प्रकार

पत्त्यातील तिरकी रेघ दोन प्रकारची आढळते : एक पुढे झुकलेली ( / ) आणि दुसरी मागे झुकलेली ( \ ). हा भेद ऐतिहासिक आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स या प्रणालीत पुढे झुकलेली रेघ रूढ झाली. मायक्रोसॉफ्टच्या डॉस या प्रणालीच्या १९८१ मधील पहिल्या आवृत्तीत फोल्डरांची सोयच नव्हती, आणि पुढे झुकलेली रेघ तेथे आज्ञांचे पर्याय दर्शविण्याच्या कामी लावलेली होती. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती रेघ मोकळी नव्हती. म्हणून मागे झुकलेली रेघ स्वीकारण्यात आली. विंडोज प्रणालीत तोच प्रघात पुढे चालत आला आहे.

पायथनमध्ये यामुळे एक अडचण निर्माण होते. अवतरणचिन्हांतील मजकुरात मागे झुकलेल्या रेघेस विशेष अर्थ आहे. तिच्यापुढे रोमन ‘एन’ हे लहान अक्षर आले तर त्या दोहोंचा मिळून अर्थ ‘नवी ओळ’ असा होतो; ‘टी’ आले तर टॅबची मोकळी जागा असा होतो. म्हणजे ‘नोंदी’ हे फोल्डराचे नाव रोमन लिपीत लिहून त्याआधी मागे झुकलेली रेघ दिली, तर पत्ता मध्येच तुटतो आणि फाइल उघडत नाही. विंडोजमधील ‘युजर्स’ या फोल्डराच्या बाबतीत तर ‘यू’ या मोठ्या अक्षरामुळे आज्ञावली सुरू होण्यापूर्वीच व्याकरणदोष दाखविला जातो. देवनागरी अक्षराआधी ही रेघ आली तर पत्ता मोडत नाही; मात्र २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ या आवृत्तीपासून पायथन त्याबद्दल स्पष्ट ताकीद देते.

यावर उपाय तीन आहेत. मागे झुकलेली रेघ दोनदा लिहावी. किंवा आरंभीच्या अवतरणचिन्हाच्या अगोदर रोमन ‘आर’ हे अक्षर लिहावे, म्हणजे आतील रेघांचा विशेष अर्थ घेतला जात नाही. अथवा सरळ पुढे झुकलेली रेघ वापरावी. विंडोजवरही पायथन ही रेघ स्वीकारते, आणि लिनक्सवर तर तीच लागते. म्हणून तिसरा उपाय सर्वांत सोयीचा होय.

५. आज्ञावलीच्या जागेपासून मोजलेला पत्ता

पूर्ण पत्ता दुसऱ्या संगणकावर चालत नाही आणि सापेक्ष पत्ता आरंभाच्या जागेनुसार बदलतो. मग करावे काय? खेळातील मुलाच्या चिठ्ठीत जसा ‘ध्वजस्तंभापासून’ हा शब्द घातला, तसा आज्ञावलीत एक पक्का आरंभबिंदू घालावा. तो बिंदू म्हणजे आज्ञावलीची स्वतःची जागा.

पायथनमध्ये चालत असलेल्या आज्ञावलीस स्वतःची फाइल कोठे आहे हे माहीत असते. दोन अधोरेषा, ‘फाइल’ हा शब्द आणि पुन्हा दोन अधोरेषा, अशा नावाने ती जागा विचारता येते. २०१४ मध्ये ३.४ या आवृत्तीबरोबर पायथनमध्ये ‘पाथलिब’ नावाचा संच समाविष्ट झाला. पत्त्यांची जोडणी त्याच्या साहाय्याने सुलभ होते. आज्ञावलीच्या आरंभी पुढील ओळी लिहाव्यात :

फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ
घर = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पॅरंट
पटाचा_पत्ता = घर / "माहिती" / "पट.सीएसव्ही"

पहिली ओळ पाथलिबमधील ‘पाथ’ हे साधन मागवून घेते. दुसऱ्या ओळीत आज्ञावलीच्या फाइलीचा पत्ता घेतला जातो. ‘रिझॉल्व्ह’ या शब्दाने तो पूर्ण पत्त्यात रूपांतरित होतो, आणि ‘पॅरंट’ या शब्दाने त्या फाइलीस सामावून घेणारे फोल्डर मिळते. त्या फोल्डरास ‘घर’ असे नाव दिले आहे. ‘घर’ आणि ‘पटाचा_पत्ता’ ही नावे देवनागरीतच लिहिली तरी चालतात. तिसऱ्या ओळीतील तिरकी रेघ भागाकाराची नव्हे. ती येथे पत्त्याचे दोन भाग जोडते, आणि संगणकाच्या प्रणालीस योग्य अशी रेघ आपोआप योजते.

याप्रमाणे लिहिलेली आज्ञावली कोठूनही सुरू केली तरी पट एकाच ठिकाणी शोधते. ‘शाळाकाम’ हे संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घेतले, केंद्रशाळेच्या संगणकावर ठेवले किंवा दुसऱ्या शिक्षकास दिले, तरी घर बदलते परंतु घरातील रचना बदलत नाही. म्हणून फाइल सापडते.

दोन बाबी लक्षात ठेवाव्यात. पायथनच्या प्रश्नोत्तरी खिडकीत एकेक ओळ लिहून काम केले जाते, तेव्हा आज्ञावलीची फाइलच अस्तित्वात नसते. तेथे ही युक्ती चालत नाही. तसेच फाइल उघडताना लिपीची साठवणपद्धतीही सांगावी. विंडोजवर ती न सांगितल्यास मुलांच्या मराठी नावांऐवजी निरर्थक चिन्हे दिसण्याचा अथवा आज्ञावली थांबण्याचा संभव असतो. ‘एन्कोडिंग’ या जागी ‘यूटीएफ-८’ असे लिहावे (हा आकडा संगणकावर इंग्रजी अंकात लिहावा). फाइल एक्सेलमधून यूटीएफ-८ प्रकारात काढलेली असेल, तर तिच्या आरंभी एक अदृश्य खूण असते. अशा वेळी ‘यूटीएफ-८-सिग’ असे लिहावे, म्हणजे ती खूण पहिल्या रकान्याच्या नावास चिकटत नाही.

६. चुकीची फाइल निमूटपणे वाचली जाते तेव्हा

फाइल सापडली नाही तर आज्ञावली थांबते आणि तसे सांगते. हा दोष त्रासदायक असला तरी प्रामाणिक आहे. खरा धोका याहून वेगळा आहे. त्याच नावाची दुसरी फाइल चालू फोल्डरात असेल, तर आज्ञावली ती वाचते, हिशेब करते आणि कोणतीही तक्रार न करता अहवाल देते. अहवाल नीटनेटका दिसतो. फक्त तो खोटा असतो.

समजा, पहिली ते पाचवीच्या एका शाळेत जून महिन्यात ६२ मुले पटावर आहेत. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांतील ६ मुले शाळेत दाखल होतात आणि नव्या पटात ६८ नावे नोंदविली जातात. नवा पट ‘माहिती’ या फोल्डरात आहे. परंतु जूनमधील पटाची एक प्रत डेस्कटॉपवरील जुन्या फोल्डरात त्याच नावाने राहून गेली आहे. आज्ञावली त्या जुन्या फोल्डरातून सुरू झाली, तर ती ६२ मुलेच मोजते. प्राथमिक इयत्तांसाठी दर मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्याचे प्रमाण आहे. ६ किलो ८०० ग्रॅमऐवजी अहवालात ६ किलो २०० ग्रॅम येते. कागदावर हा फरक ६०० ग्रॅमचा आहे; शाळेच्या ओसरीत तो सहा मुलांच्या ताटांचा आहे, आणि तीही अशी मुले, ज्यांची नावे पटावर सर्वांत शेवटी चढलेली असतात. संगणकाने दिलेला आकडा म्हणून त्याविषयी सहसा कोणी शंका घेत नाही.

या धोक्यावर साधा उपाय आहे. फाइल वाचून झाल्यावर आज्ञावलीने तीन गोष्टी पडद्यावर आणि अहवालाच्या माथ्यावर छापाव्यात : फाइलीचा पूर्ण पत्ता, ती शेवटी केव्हा बदलली तो दिनांक, आणि वाचलेल्या नोंदींची संख्या. मुख्याध्यापकांनी सही करण्यापूर्वी ही संख्या हजेरीपत्रकाशी ताडून पाहावी. हजेरीपत्रक समोर असताना ६२ आणि ६८ यांतील फरक नजरेतून सुटत नाही.

लिहिण्याच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. नवीन फाइल लिहिण्यासाठी सापेक्ष पत्ता दिला असेल आणि ‘येथे’ याचा अर्थ बदलला असेल, तर पायथन तक्रार करीलच असे नाही. जेथे चालू फोल्डर असेल तेथे ती अहवाल तयार करून ठेवते, आणि लिहिणारा तो भलत्या ठिकाणी शोधीत राहतो. शिवाय ‘डब्ल्यू’ या अक्षराने फाइल उघडली, तर त्या नावाच्या आधीच्या फाइलीतील मजकूर तत्काळ पुसला जातो. मागील महिन्याचा अहवाल जपावयाचा असल्यास ‘एक्स’ हे अक्षर वापरावे. फाइल आधीच अस्तित्वात असल्यास आज्ञावली ती न पुसता थांबते. अहवालाचा पत्ताही पटाच्या पत्त्याप्रमाणेच ‘घर’ या बिंदूपासून जोडावा.

७. नावातील सूक्ष्म भेद

पत्ता बरोबर असूनही नावातील एखाद्या चिन्हामुळे फाइल सापडत नाही. संगणक नाव डोळ्यांनी वाचीत नाही. तो चिन्हांचे क्रमांक ताडून पाहतो. मराठीत याचे विशेष उदाहरण आढळते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडला जातो. दुसऱ्या रीतीत साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही शब्द एकसारखेच दिसतात. संगणकाच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द आहेत. फाइलीचे नाव एका कळफलकावर ‘दुसऱ्या सत्राचा पट’ असे टंकले आणि आज्ञावलीत तेच नाव दुसऱ्या कळफलकावर टंकले, तर फाइल समोर दिसत असूनही सापडणार नाही.

रोमन नावांच्या बाबतीत लहान आणि मोठ्या अक्षरांचा भेद ध्यानात घ्यावा. विंडोज सामान्यतः हा भेद मानीत नाही, परंतु लिनक्स मानते. त्यामुळे विंडोजवर चालणारा पत्ता लिनक्सवर अडतो. विंडोजमध्ये नावाच्या शेवटचा प्रकारदर्शक भाग बहुधा लपविलेला असतो, हेही विसरू नये. ‘पट.सीएसव्ही’ असे दिसणाऱ्या फाइलीचे खरे नाव ‘पट.सीएसव्ही.टीएक्सटी’ असू शकते. फाइल एक्सप्लोररमध्ये हा भाग दाखविण्याची सोय आहे. ती चालू करून ठेवावी.

या सर्वांवरून एवढे ठरते की, फाइलीचे नाव लहान, साधे व जोडाक्षरांच्या गुंत्यापासून मुक्त असावे. ‘पट’, ‘हजेरी’, ‘आहार’ ही नावे पुरेशी आहेत. वर्ष किंवा महिना दर्शवावयाचा असल्यास तो अंकांत लिहावा.

८. ‘फाइल सापडत नाही’ असे उत्तर आल्यास

असे उत्तर आल्यावर पुष्कळदा एक चुकीचा उपाय केला जातो. फाइलीची प्रत डेस्कटॉपवर, मग डाउनलोड फोल्डरात, मग आणखी कोठे ठेवून पाहिली जाते. त्यांतील एखादे ठिकाण नेमके चालू फोल्डर निघते आणि आज्ञावली चालू लागते. अडचण सुटल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात एकाच पटाच्या तीन-चार प्रती तयार झालेल्या असतात, आणि मागील प्रकरणात सांगितलेल्या जुन्या पटाच्या घोटाळ्याचे बीज तेथेच पेरले जाते.

त्याऐवजी पुढील क्रमाने तपास करावा.

पहिले, दोषसूचनेतील पत्ता शेवटपर्यंत लक्षपूर्वक वाचावा. पायथनने नेमका कोणता पत्ता शोधला हे तेथे लिहिलेले असते.

दुसरे, पत्ता सापेक्ष असल्यास चालू फोल्डर छापून पाहावे. ‘पाथ.सीडब्ल्यूडी’ या आज्ञेने ते कळते. अपेक्षेहून वेगळे फोल्डर दिसले, तर दोष सापडला असे समजावे.

तिसरे, ज्या फोल्डरात फाइल असावयास हवी त्यातील सर्व नावांची यादी आज्ञावलीकडूनच छापून घ्यावी. ‘इटरडीर’ या आज्ञेने ती मिळते. फोल्डरच नसेल तर तसे कळेल. असेल तर फाइलीचे खरे नाव प्रकारदर्शक भागासह दिसेल.

चौथे, यादीतील नाव पुन्हा न टंकता तेथूनच उचलून आज्ञावलीत ठेवावे. ‘ऱ’सारखा अदृश्य भेद असल्यास तो याने दूर होतो.

या क्रमाने गेल्यास दोष बहुधा काही मिनिटांत हाती लागतो, आणि फाइलीची एकही जादा प्रत करावी लागत नाही.

९. बदली आणि कार्यभार

शिक्षकाची बदली होते तेव्हा तो हजेरीपत्रके, दाखल-खारीज रजिस्टर आणि किल्ल्या यादीप्रमाणे स्वाधीन करतो. आज्ञावलीही शाळेचीच वस्तू आहे. परंतु तिच्यातील पत्ते ‘सी:/युजर्स’ या वाटेने, मधे त्या शिक्षकाचे स्वतःचे नाव घेऊन, त्याच्या डेस्कटॉपपर्यंत जाणारे असतील, तर तो संगणक गेला की आज्ञावलीही मृत होते. नवा शिक्षक ती उघडतो, ‘फाइल सापडत नाही’ हे वाचतो, आणि पुन्हा हाताने बेरजा करू लागतो. दोन वर्षांचे श्रम एका ओळीतील पत्त्यामुळे वाया जातात.

म्हणून सर्व काम एकाच फोल्डरात असावे, पत्ते आज्ञावलीच्या जागेपासून मोजलेले असावेत, आणि माहिती, अहवाल व आज्ञावली यांच्या जागा वेगळ्या असाव्यात. या विभागणीचा आणखी एक लाभ आहे. दुसऱ्या शाळेस आज्ञावली द्यावयाची झाल्यास ‘माहिती’ आणि ‘अहवाल’ ही दोन्ही फोल्डरे रिकामी करून देता येतात. मुलांची नावे, जन्मदिनांक आणि इतर नोंदी शाळेबाहेर जात नाहीत.

आज्ञावली कोणाच्याही स्वाधीन करण्यापूर्वी एक कसोटी अवश्य घ्यावी. संपूर्ण फोल्डराची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. दुसऱ्या संगणकावर ते वेगळ्याच ठिकाणी ठेवावे. आज्ञा-खिडकीतून, म्हणजे आयडलचे साहाय्य न घेता, आणि फोल्डराच्या बाहेर उभे राहून आज्ञावली चालवावी. छापलेली नोंदसंख्या हजेरीपत्रकाशी जुळली आणि अहवाल ‘अहवाल’ याच फोल्डरात पडला, तर पत्ता बरोबर आहे असे समजावे. कसोटी झाल्यावर पेनड्राइव्हवरील आणि दुसऱ्या संगणकावरील प्रती पुसून टाकाव्यात, म्हणजे शाळेच्या पटाची खरी प्रत एकच राहील.